नदीकाठचा दिवस : सायकलप्रवासाच्या दैनंदिनीचे वाङ्मयीन स्वरूप

प्रवासवर्णनांचा अभ्यास करताना आपण लेखकाचे व्यक्तिमत्त्व, स्थलदर्शन, निसर्गवर्णन आणि भाषाशैली अशा चार खणांत ग्रंथाची वाटणी करतो. ही वाटणी सोयीची आहे, आणि प्रबंधाला तीतून प्रकरणेही आयती मिळतात. परंतु या चारही खणांत न बसणारी एक गोष्ट उरते, ती म्हणजे दिवस. प्रवासी देश पाहतो हे खरे. पण तो चालतो, जेवतो, थकतो आणि निजतो ते दिवसाच्या मापाने. आगगाडीच्या किंवा विमानाच्या प्रवासात हे माप मोडून पडते. रात्र गाडीत जाते आणि सकाळी डोळे उघडावेत तो वेगळाच मुलूख समोर आलेला असतो. पायी जाणाऱ्याच्या आणि सायकलवरून जाणाऱ्याच्या प्रवासात मात्र अंतराला शरीराच्या शक्तीची मर्यादा पडते, अंधार पडला की वाट थांबते, आणि म्हणून अशा प्रवासाच्या लेखनात दिवसाकडे रचनेचा मूळ घटक म्हणून पाहणे भाग पडते. एवढे मान्य केले की टीकाकारापुढे एक अडचणीचा प्रश्न येतो : ज्या दिवशी काहीच घडले नाही तो दिवस लिहावा कसा, आणि लिहिलाच तर त्याचे मोल कोणत्या मापाने ठरवावे?

या प्रश्नाची परीक्षा नदीकाठच्या वाटेवर जितकी चांगली होते तितकी डोंगरी घाटात किंवा वाळवंटात होत नाही. घाटातल्या दिवसाला चढ आणि उतार यांचे कथानक आयते मिळते. वाळवंटातल्या दिवसाला पाण्याची चिंता मिळते. नदीकाठची वाट बहुधा सपाट असते, चुकण्याचा संभव कमी असतो, आणि उद्याचा दिवस आजच्यासारखाच जाणार हे प्रवाशाला ठाऊक असते. लेखकाच्या हातातून प्रसंग काढून घेणारी अशी दुसरी वाट नाही.

उदाहरणादाखल अमेरिकेतील एक वाट घेऊ. वॉशिंग्टन शहराच्या जॉर्जटाउन भागापासून पोटोमॅक नदीच्या काठाकाठाने मेरिलंडमधील कंबरलंडपर्यंत १८४.५ मैल लांबीचा चेसापीक व ओहायो कालवा जातो. त्याच्या काठावर खेचरांनी नावा ओढीत न्याव्यात म्हणून बांधलेली वाट आता सायकलस्वारांच्या आणि पायी चालणारांच्या उपयोगात आहे. कंबरलंडपासून पुढे पिट्सबर्गपर्यंत सुमारे १५० मैलांची ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’ ही दुसरी वाट तिला जोडलेली आहे; ती बंद पडलेल्या लोहमार्गांच्या पायावर केलेली असून तिचा बराच भाग कॅसलमन आणि यॉकगेनी या नद्यांच्या खोऱ्यांतून जातो. कालव्याचे काम ४ जुलै १८२८ रोजी सुरू झाले, आणि योगायोग असा की बाल्टिमोर व ओहायो रेल्वेचा आरंभही त्याच दिवशी झाला. रेल्वे कंबरलंडला १८४२ मध्ये पोहोचली. कालवा पोहोचला १८५० मध्ये. मधल्या काळात १८३२ च्या पटकीने कालव्यावरील पुष्कळ मजूर दगावले. १८८९ च्या महापुराने कालवा खिळखिळा झाला आणि १९२४ च्या पुरानंतर तो कायमचा बंद पडला. १९५४ साली या जागेवरून मोटारींसाठी रस्ता काढण्याचा बेत पुढे आला असता सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी कंबरलंडहून वॉशिंग्टनपर्यंतच्या पदयात्रेचे आव्हान दिले आणि ती पुरी केली. १९७१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. आज सायकलस्वाराला मोटारींवाचून ही वाट मिळते, ती या वादामुळे.

आता या वाटेवरचा एक दिवस म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. संपूर्ण कालव्यात चढ आहे तो अवघा ६०५ फुटांचा, आणि तो ७४ लॉकांत वाटलेला आहे. लॉक म्हणजे पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली करण्याचा बांधीव हौद. म्हणजे दर लॉकला सरासरी आठ फुटांची एक पायरी आली. दोन लॉकांच्या मधली वाट जवळजवळ पाण्याच्या पातळीसारखी सपाट, लॉक आला की चार पावलांचा आखूड चढ, पुन्हा सपाटी. कालव्याच्या अभियंत्यांनी नावेसाठी ठरवलेली ही लय सायकलस्वाराच्या मांड्यांना कळते. वाटेवर मैलांचे खांब आहेत. काही मैलांच्या अंतराने तंबू टाकण्याच्या जागा आहेत, आणि तेथे पाण्याचे हापसे आहेत. हॅनकॉकजवळ मुक्काम करून सकाळी निघालेला स्वार त्या दिवशी साठ मैल तोडून कंबरलंड गाठू शकतो, आणि त्या दिवसात त्याला पॉ पॉचा बोगदा लागतो. लांबी ३,११८ फूट, आतून विटांचे अस्तर, काळोख संपूर्ण. नदीची पाचसहा मैलांची वळणे चुकविण्यासाठी खोदलेल्या या बोगद्याचे काम १८३६ मध्ये सुरू होऊन १८५० मध्ये संपले. आत वाट अरुंद असल्यामुळे शहाणा माणूस सायकल हातात धरून, दिवा लावून चालत जातो.

दिवसाचा हिशेब इतकाच : खांब, लॉक, हापसे, एक बोगदा, आणि डाव्या हाताला नदी. कंबरलंडच्या पुढे वाट बदलते. चोवीसएक मैल सतत चढ लागतो, परंतु तोही इंजिनाला झेपेल असा सौम्य. २,३९२ फुटांवर पूर्वेकडे व पश्चिमेकडे वाहणाऱ्या पाण्यांचा दुभाजक ओलांडला की पिट्सबर्गपर्यंत उतरणच आहे. येथे एक गोष्ट ध्यानात येते. या वाटेचा उतार सायकलसाठी कोणी आखलेलाच नाही. एक भाग खेचराच्या ओढीसाठी आखलेला, दुसरा वाफेच्या इंजिनासाठी. खेचर गेले, इंजिन गेले, आणि त्यांच्या श्रमाचा कोन तेवढा मागे राहिला. सायकलस्वार त्या कोनाचा वारसदार आहे. आजच्या नदीकाठच्या दैनंदिन्या पुष्कळदा रिकाम्या वाटतात त्याचे कारण येथे आहे, असे मला वाटते : वाट एके काळी दुसऱ्याच्या कामाची जागा होती आणि आता ते काम तेथे राहिलेले नाही.

कामाची जागा असताना ती कशी दिसत असे, याचा दाखला टॉमस स्टीव्हन्सच्या ग्रंथात मिळतो. स्टीव्हन्स २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून उंच पुढल्या चाकाच्या सायकलवर निघाला आणि ४ ऑगस्टला बॉस्टनला पोहोचला. पुढे युरोप व आशिया ओलांडून त्याने १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला आपली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. त्या प्रवासात लाहोरहून कलकत्त्यापर्यंतचा ग्रँड ट्रंक रस्ताही होता. अमेरिकेच्या पश्चिम भागात त्याची सोबत लोहमार्गाची आणि हम्बोल्ट, प्लाट अशा नद्यांची. पूर्वेकडे आल्यावर त्याने ईरी कालव्याच्या काठच्या वाटेवरून सायकल हाकली. तेव्हा तो कालवा भर वापरात होता. वाट खेचरांची आणि त्यांना हाकणारांची होती आणि सायकल हे तेथे बिनबोलावलेले वाहन होते. खेचरे बुजत, हाकणारे संतापत. स्टीव्हन्सने हा कलह मोठ्या चवीने रंगविला आहे. त्याच्या दिवसाला आकार येतो तो इतर माणसांच्या कामाशी झालेल्या या घर्षणातून. मात्र त्याचा दोषही येथेच आहे. दोन खंडांच्या या ग्रंथात ज्या दिवशी घर्षण नाही तो दिवस एका वाक्यात उरकला जातो. वाचकाला वाटते की स्वाराच्या नशिबी रोज काही तरी येतेच. प्रत्यक्षात मधले किती तरी मैल शब्दांवाचून गेलेले असतात. तो लिहीत होता तो मासिकाच्या वाचकासाठी, आणि मासिकाचा वाचक हप्त्याला एक तरी प्रसंग मागतो.

जेरोम के. जेरोमची गोष्ट वेगळी आणि एका अर्थी अधिक बोधक. १८८९ च्या पुस्तकात त्याने तीन मित्र नावेत बसवून टेम्स नदीवर सोडले. १९०० च्या पुस्तकात त्याच तिघांना सायकलींवरून जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टमध्ये नेले. दुसरे पुस्तक पहिल्याइतके एकसंध नाही, हे मत जुनेच आहे आणि ते खरेही आहे. कारण विनोद कमी पडला हे नव्हे. मित्राने सायकल ‘दुरुस्त’ करावयास घेतल्याचे प्रकरण पहिल्या पुस्तकातील कोणत्याही प्रसंगाच्या बरोबरीला बसते. कमी पडली ती नदी. टेम्सवरच्या पुस्तकात लेखक कितीही भरकटला तरी पुढचे गाव, पुढचा लॉक, पुढचा पूल त्याला परत ओढून आणतो; नदी त्याच्या वतीने क्रम सांभाळते. जर्मनीत असा क्रम सांभाळणारे कोणी नाही, आणि निम्मे पुस्तक होईपर्यंत सायकलींचा प्रवास नीट सुरूही होत नाही. यावरून एक गोष्ट निघते : नदी प्रसंग देत नाही, पण क्रम देते. प्रसंग नसतानाही दिवस सुटा पडत नाही, कारण आजची नदी कालच्या नदीच्या पुढची असते. नदीकाठच्या दैनंदिनीत ही आयती मिळालेली एकसूत्रता लेखक कशी खर्च करतो, हे पाहणे टीकाकाराचे काम आहे.

डर्व्हला मर्फी हिचे १९६५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९६३ च्या कडक हिवाळ्यात ही आयरिश स्त्री एकटी सायकलवर निघाली आणि त्याच वर्षीच्या जुलैत दिल्लीस पोहोचली. पुस्तकाची रचना दुहेरी आहे. डंकर्कपासून तेहरानपर्यंतचा भाग सलग निवेदनात, मागे वळून पाहिल्यासारखा सांगितला आहे. त्यापुढचा भाग गावाचे नाव आणि तारीख घालून लिहिलेल्या दैनंदिनीचा आहे. एकाच लेखणीने, एकाच प्रवासाविषयी, दोन पद्धतींनी केलेले लेखन शेजारी शेजारी ठेवलेले सापडावे हा अभ्यासकाला दुर्मिळ लाभ आहे. सलग भागात काय आहे? बर्फ आहे, पूर आहे, लांडगे आहेत आणि त्यांच्यावर झाडलेले पिस्तूल आहे. अर्धे युरोप आणि तुर्कस्तान एका प्रकरणात बसवावयाचे म्हटल्यावर स्मृती शिखरे तेवढी निवडते. शिखरांच्या मधला सपाट मुलूख गळून पडतो. दैनंदिनीचा भाग सुरू होताच प्रमाण पालटते. काय खाल्ले, किती मैल झाले, ऊन किती होते, रात्री कोणाच्या घरी निजलो, घरातील बायका काय म्हणाल्या, असा मजकूर येऊ लागतो आणि संकटांचा मान उतरतो.

दैनंदिनीच्या भागातील एका साध्या संकेताकडे सहसा लक्ष जात नाही. नोंदीच्या माथ्यावर जे गाव लिहिलेले असते ते मुक्कामाचे असते, निघाल्याचे नसते. म्हणजे वाचकाला पहिल्याच ओळीत कळते की बाई सुखरूप पोहोचली. उत्कंठा येथे संपते, आणि तरीही नोंद वाचवत राहते. पोहोचणार की नाही हे कुतूहल गेल्यावर जे वाचनीय उरते ते या प्रकाराचे खरे भांडवल होय. गिलगिटहून सिंधूच्या रखरखीत खोऱ्यातून चिलासकडे आणि तेथून बाबुसर खिंडीकडे जाणारे तिचे दिवस या दृष्टीने वाचावेत. पोटोमॅकच्या काठी नदी सावली आणि पाणी देते. येथे नदी शेजारी असून उन्हाचा ताप हीच दिवसाची मुख्य वस्तू होऊन बसते. नदीकाठ म्हटला की शांतता आणि शीतलता ही आपल्या निसर्गवर्णनाची ठरलेली जोडी येथे निरुपयोगी ठरते, आणि ते बरेच झाले.

यावरून या प्रकाराची एक कसोटी सुचते. अपघात, आजार किंवा चोरी यांतले काहीही घडलेले नसताना, एक दिवस दुसऱ्या दिवसापासून वेगळा ओळखता येतो की नाही? येत असेल तर लेखक लिहिणारा आहे. येत नसेल तर त्याने केवळ तारखा बदलल्या आहेत. ही कसोटी लावली की दोन नेहमीचे दोष उघडे पडतात. पहिला दोष गॅझेटियरचा. वाटेतल्या प्रत्येक गावाचा इतिहास, लोकसंख्या आणि देवळे यांची माहिती दिवसाच्या पोटात कोंबावयाची. दिवस फुगतो, पण तो त्या स्वाराचा राहत नाही. दुसरा दोष चिंतनाचा. पाणी वाहताना दिसले की काळ वाहतो, आयुष्य वाहते, हे लेखकाला आठवते. आणि हे चिंतन पोटोमॅकवर जसे तसेच कृष्णेवर, जसे सकाळी तसेच संध्याकाळी. त्याने एकही दिवस वेगळा होत नाही. मराठीत हा दुसरा दोष अधिक आढळतो, आणि दुर्दैवाने आपण त्याला ‘काव्यात्मता’ म्हणून गुणही देतो. त्यापेक्षा ‘सकाळी वारा समोरून होता, दुपारी नदी वळली आणि तो पाठीशी आला’ अशा एका सरळ वाक्याने दिवस अधिक ओळखीचा होतो. वारा वळला नाही, वाट वळली, हे त्या वाक्यात पायांना कळलेले ज्ञान आहे.

दैनंदिनीतील जेवणाच्या उल्लेखांना क्षुल्लक समजण्याची पद्धत आहे, तिच्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. सायकलस्वाराच्या लेखनात जेवण वारंवार येते, कारण जेवण हेच त्याचे इंधन आहे. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. दिवसभरात तो समाजाशी खऱ्या अर्थाने जोडला जातो तो बहुधा जेवणाच्या वेळीच. आपल्याकडे याचा उत्तम पुरावा सायकलच्या नव्हे तर पायी वाटचालीच्या लेखनात आहे. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ या १९४९ सालच्या संग्रहातील ‘वाटचाल’ हा वारीवरचा लेख घ्यावा. वारीची वाट दरवर्षी तीच, मुक्काम तेच, तिथी ठरलेल्या. नवलाईच्या दृष्टीने पाहिले तर लिहिण्यासारखे काही नाही. परंतु एकाच दिंडीत दिवसभर एकत्र चालणारी, तेच अभंग म्हणणारी माणसे जेवावयास मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे बाईंनी पाहिले आणि लिहिले. त्या स्वतः दोन्हीकडे वावरल्या. चालण्याच्या एकीत जे दिसत नव्हते ते पंगतीत दिसले. म्हणून जेव्हा एखादी दैनंदिनी ‘जेवलो आणि निघालो’ असे म्हणते, तेव्हा तेथे काही तरी न पाहता सोडून दिलेले असण्याचा दाट संभव आहे. पोटोमॅककाठच्या निर्मनुष्य तंबूच्या जागी स्वतःच्या स्टोव्हवर शिजवून खाणाऱ्याला ही संधी मिळत नाही. त्याला त्यासाठी वाट सोडून गावात शिरावे लागते. अशा दैनंदिनीतील सर्वांत चांगली पाने वाटेपासून अर्ध्या मैलावर घडतात, असे मला दिसून आले आहे.

जगप्रवासाला सायकलवरून निघालेल्या पहिल्या भारतीयांत मुंबईचे पारशी तरुण होते. १९२३ च्या ऑक्टोबरात सहा जण निघाले आणि १९२८ मध्ये त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे प्रदक्षिणा पुरी करून परतले. त्यांचे पुस्तक इंग्रजीत झाले. मराठी गद्याच्या वाट्याला आला तो नदीकाठचा दिवस पायी चालणाऱ्याचा, आणि तो प्रामुख्याने नर्मदेचा. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने कादंबरीच्या अंगाने परिक्रमेला वाङ्मयात स्थिर स्थान दिले. परिक्रमेचे नियम पोटोमॅकच्या वाटेशी ताडून पाहण्यासारखे आहेत. नदी नेहमी उजव्या हाताला ठेवावयाची, तिचे पात्र ओलांडावयाचे नाही, आणि सदावर्तात किंवा भिक्षेत मिळेल त्यावर राहावयाचे. येथे पाण्याला दिशा असली तरी चालणाऱ्याला तशी नाही. तो एका काठाने मुखाकडे जातो आणि दुसऱ्या काठाने उगमाकडे. सायकलस्वाराच्या दिवसाला पुढचे गाव हे ध्येय असते. परिक्रमावासीच्या दिवसाला ते नसते, कारण तो जेथून निघाला तेथेच परतणार असतो. असे असल्यामुळे परिक्रमेच्या लेखनात साध्या दिवसाला अधिक जागा मिळावयास हवी होती. प्रत्यक्षात ती फारशी मिळाली नाही. शूलपाणीच्या झाडीत भिल्लांकडून लुटले जाण्याचा प्रसंग परिक्रमेच्या कथनांत इतका ठरून गेला आहे की वाचक त्याची वाट पाहू लागतो, आणि त्याच्या मागचेपुढचे दिवस घाईने ओलांडले जातात.

ही घाई आता महागात पडली आहे. सरदार सरोवराचे बांधकाम पुरे होऊन सप्टेंबर २०१७ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले. त्याच्या जलाशयाने महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावांना झळ पोहोचविली. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले, आणि नदीलगतची जुनी पाऊलवाटही बुडाली. आज परिक्रमा सायकलवरूनही केली जाते. पण सायकलची वाट म्हणजे मोटाररस्ता, आणि तो कित्येक ठिकाणी पात्रापासून दूर जातो. चेसापीक व ओहायो कालव्याचा उपयोग संपला तरी त्याची वाट उरली. येथे नदी उरली आणि वाट गेली. लुटीच्या प्रसंगांची आपल्याजवळ वाण नाही. वाट कोठे उतरत होती, पाण्यापर्यंत पोहोचावयास किती वेळ लागे, दुपारची सावली कोणत्या झाडाची होती, कोणत्या पाड्यावर ताक मिळाले, हे सांगणाऱ्या ओळी मात्र थोड्या आहेत. परिक्रमेची जुनी कथने पुन्हा वाचावयास घेणाऱ्या विद्यार्थ्याने लुटीच्या प्रसंगाच्या आधीची दहा आणि नंतरची दहा पाने प्रथम उघडावीत, आणि त्यांतल्या साध्या दिवसांची मुक्कामवार यादी करावी. झाडीतल्या त्या वाटेचा जो काही नकाशा आता मिळेल तो त्या यादीतून मिळेल.